फऽच्या शोधात : ठाणे ते नेरुळ, सहा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

या वर्षी मार्चमध्ये कामानिमित्त अकरा दिवस हनोईत राहण्याचा योग आला. तिथे रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास मुक्कामाच्या गल्लीतल्या एका दुकानासमोर, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून मी फऽ, म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया घातलेला गरम रस्सा, खात असे, आणि आठवडा संपेपर्यंत त्या वाडग्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटेनाशी झाली. परतल्यावर ठाण्यात तो कुठे चांगला मिळतो, असे मी अनेकांना विचारले. प्रत्येकाने वेगळे हॉटेल सांगितले. मी जाऊन आले, काय खटकले ते लिहून ठेवले नाही, आणि दोन महिन्यांनी तेच हॉटेल दुसऱ्या कोणी सुचवल्यावर पुन्हा तिथेच जाऊन बसले. असे पुन्हा होऊ नये म्हणून आजपासून नोंदी ठेवून, ठरवून शोध घेत आहे.

कामाची हद्द अशी की ठाणे शहर आणि ट्रान्स-हार्बर गाडीने ऐरोलीपासून नेरुळपर्यंत येणारा भाग एवढाच घ्यायचा. मुंबई शहरात जायचे नाही, कारण ज्या पदार्थासाठी अर्धा दिवस प्रवासात जातो तो न्याहारीचा पदार्थ राहत नाही, आणि हा मुळात न्याहारीचा पदार्थ आहे. मुदत सहा आठवड्यांची. हॉटेलांची नावे मी लिहिणार नाही, ठिकाणांना क्रमांक देईन. आचारी बदलतात, मालक बदलतात, आणि माझ्या एका दुपारच्या चवीवरून कोणाच्या धंद्याला बोल लागावा असे मला वाटत नाही.

सोबत आत्या आहेत. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, आता कोपरीत राहतात, आणि पांढऱ्या रश्शासाठी लागणारे अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनतिखटाचे पाणी, त्यांनी पन्नास वर्षे केले आहे. हनोई त्यांनी पाहिलेले नाही, तरी हाडांच्या रश्शाबद्दल त्यांच्या जिभेवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

नावाबद्दल एक नोंद. मेनूकार्डांवर सगळीकडे ‘फो’ असे वाचले जाते, परंतु मूळ उच्चारात ‘ओ’ नाही. आपल्या ‘फ’ मध्ये जो अकार दडलेला आहे तोच थोडा लांबवला आणि प्रश्न विचारताना आवाज खाली जाऊन किंचित वर येतो तसा आणला, म्हणजे शब्द जवळजवळ बरोबर होतो. देवनागरीत हे अवग्रहाने नीट लिहिता येते, म्हणून या नोंदींत मी ‘फऽ’ असेच लिहीत आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

मोजमाप ठरवण्यात आजचा दिवस गेला. चांगला फऽ म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय बाहेर पडले तर प्रत्येक वाडगा ‘ठीक आहे’ या एकाच शेऱ्यात संपेल.

फऽचा उगम उत्तर व्हिएतनाममधला, नाम दिन्ह प्रांत आणि हनोई या पट्ट्यातला, आणि काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. फ्रेंच अमलात गोमांसाची मागणी वाढली, खाटकांकडे हाडे उरू लागली, आणि ती उकळून त्या रश्शात तांदळाच्या शेवया घालून विकणारे फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन गल्लोगल्ली फिरू लागले. नावाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एक मत फ्रेंचांच्या मांस उकडण्याच्या ‘पो-तो-फ’ या पदार्थाकडे जाते आणि दुसरे तांदळाच्या शेवयांसाठी असलेल्या चिनी शब्दाकडे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देशाचे दोन भाग झाले, उत्तरेकडून लाखो लोक दक्षिणेत गेले, आणि त्यांच्याबरोबर फऽ सायगावला पोचला. दक्षिणेच्या लोकांनी त्याला आपल्या आवडीप्रमाणे वाढवले. रस्सा थोडा गोडसर झाला, वाडग्याशेजारी मोड आलेले मूग आणि तुळशीच्या जातीच्या पानांचे ताट आले, होइसिन सॉस आणि मिरचीचा सॉस टेबलावर आला. उत्तरेकडे मात्र आजही वरून पातीचा कांदा, थोडी कोथिंबीर, लिंबाची फोड किंवा मिरची घातलेला व्हिनेगर, एवढ्यावरच भागते.

हा इतिहास मी इथे लिहिला, कारण त्यातूनच मोजमाप निघते. उत्तरेतून दक्षिणेत जाताना वरच्या सगळ्या गोष्टी बदलल्या, पण हाडांचा निवळशंख, सुगंधी रस्सा आणि तांदळाच्या शेवया या दोन गोष्टी दोन्हीकडे राहिल्या. म्हणून शंभरापैकी साठ गुण रश्शाला, वीस शेवयांना आणि उरलेले वीस मांस व पानांना मिळून देईन. पहिले तीन चमचे वाडग्यात लिंबू, सॉस, मिरची यातले काहीही न घालता प्यायचे आणि रश्शाचे गुण त्याच वेळी लिहून टाकायचे. सॉस पिळल्यावर कोणताही रस्सा चांगला लागू शकतो, त्यामुळे नंतर दिलेल्या गुणांना अर्थ राहत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर : ठिकाण १, घोडबंदर रोड

मॉलमधले मोठे, अनेक आशियाई देशांचे पदार्थ देणारे हॉटेल. वाडगा आला तो फिकट पिवळा, वर नारळाच्या दुधाची साय, आणि वास गवती चहाचा. पदार्थ चवीला वाईट नव्हता, पण तो थाई वळणाचा होता आणि त्याला फऽ म्हणता येणार नाही. फऽमध्ये नारळाचे दूध नसते. गवती चहाचेही तसेच आहे. तो मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहराच्या ‘बुन बो हुए’ या तिखट रश्शाचा प्राण आहे, फऽचा नाही. पुढच्या कामासाठी एक सोपी खूण हाती लागली: वाडगा टेबलावर येताच गवती चहाचा वास आला, तर स्वयंपाकघरात दोन-तीन देशांचे रस्से एकाच पातेल्यातून निघत असण्याची शक्यता मोठी आहे. गुण दिले नाहीत.

रविवार, ९ नोव्हेंबर : ठिकाण २, राम मारुती रोडजवळ

छोटे कॅफे. रस्सा सोया सॉसने काळपट, शेवया गव्हाच्या, चायनीजच्या गाडीवर मिळतात तशा. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर : ठिकाण ३, वाशी

संध्याकाळच्या ठाणे-वाशी गाडीने गेलो. हे पहिले ठिकाण जिथे वाडगा दिसायला बरोबर होता: रस्सा पारदर्शक, शेवया पांढऱ्या व चपट्या, वर कोंबडीचे काप, पातीचा कांदा, बाजूला लिंबू आणि मोड आलेले मूग. मला आनंद झाला आणि पहिला चमचा घेतल्यावर तो टिकलाही. तिसऱ्या चमच्याला आत्यांनी वाडगा खाली ठेवला आणि विचारले, “ओठाला ओठ चिकटतोय का?” चिकटत नव्हता.

हा प्रश्न मी नीट समजून घेतला, कारण या प्रकल्पात मला मिळालेले ते सर्वांत उपयोगी मोजमाप आहे. हाडे, कूर्चा आणि कातडी मंद आचेवर बराच वेळ शिजली की त्यांतल्या कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि ते रश्शात उतरते. असा रस्सा जिभेवर पाण्यासारखा वाहून जात नाही, त्याला अंग असते, आणि ओठांवर हलका चिकटपणा राहतो. पायाचे सूप ज्यांनी घरी प्याले आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. पाकिटातल्या भुकटीपासून केलेल्या रश्शात मीठ असते, चव असते, वासही असतो. अंग मात्र नसते. इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. अजिनोमोटो वापरला म्हणजे रस्सा खोटा, असे नाही. हनोईतली नावाजलेली दुकानेही तो उघडपणे वापरतात. तो हाडांच्या जागी वापरला गेला की बिघडते.

रश्शाला साठपैकी चोवीस, शेवयांना चौदा, बाकीच्याला बारा.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज कुठेही गेले नाही. एक अडचण सोडवायची होती. जगात फऽ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ‘फऽ बो’, म्हणजे गोमांसाचा प्रकार येतो. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. आमच्या हद्दीतल्या हॉटेलांत म्हशीच्या मांसाचा फऽ मला अजून दिसलेला नाही, आणि आत्या तो खाणारही नाहीत. एका मेनूकार्डावर मटणाचा फऽ होता, पण बोकडाच्या हाडांचा वास इतका ठाम असतो की चक्रीफूल आणि दालचिनी त्याच्यापुढे टिकत नाहीत. रस्सा आपोआप पांढऱ्या रश्शाकडे झुकतो, आणि मग तो पांढरा रस्साच का खाऊ नये, असा प्रश्न पडतो.

म्हणून या प्रकल्पात फक्त ‘फऽ गा’, म्हणजे कोंबडीचा, आणि ‘फऽ चय’, म्हणजे शाकाहारी, हे दोनच प्रकार तपासायचे, असे ठरवले. ही तडजोड आहे असे मला वाटत नाही. कोंबडीचा फऽ हनोईतच जन्मला. १९३९ च्या सुमारास तिथे आठवड्यातून दोन दिवस गोमांस विकायला बंदी होती, आणि त्या दिवसांसाठी दुकानदारांनी कोंबडी वापरायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. सुरुवातीला जुन्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडले, पण आज केवळ कोंबडीचाच फऽ विकणारी दुकाने तिथे आहेत, आणि माझ्या गल्लीतले दुकान त्यांपैकीच एक होते.

रविवार, २३ नोव्हेंबर : घरचा प्रयोग

दुसऱ्यांच्या रश्शाला गुण देण्याआधी आपल्याला तो करता येतो का, हे पाहणे मला आवश्यक वाटले. खरेदी दोन ठिकाणी झाली. मसाले शुक्रवारी वाशीच्या एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून आणले होते, आणि भाजी, आले, कोथिंबीर आज पहाटे जांभळी नाक्यावरून. कोंबडी गावठी घेतली, कारण व्हिएतनाममध्येही या पदार्थासाठी अंगणात वाढलेली, घट्ट मांसाची देशी कोंबडीच पसंत करतात. जास्तीचे म्हणून एक किलो पाठीची हाडे आणि अर्धा किलो पंजे घेतले. पंजे विकत घेताना दुकानदाराने ते कुत्र्यासाठी हवेत का, असे विचारले. जिलेटिनचा सर्वांत चांगला साठा त्यांतच असतो, हे त्याला समजावून सांगितले.

सगळी हाडे आधी थंड पाण्यात घालून एक उकळी आणली, ते पाणी फेकले, हाडे धुतली आणि पुन्हा पाच लिटर थंड पाण्यात चढवली. पाक करताना मळी काढतात तशी वर येणारी मळी पहिली वीस मिनिटे काढत राहिले. त्यानंतरचे काम म्हणजे आच सांभाळणे. खळखळून उकळले की चरबी रश्शात बारीक होऊन मिसळते आणि रस्सा दुधाळ होतो. पांढऱ्या रश्शात ते चालेल, इथे चालत नाही. पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच ठेवायची.

दोन कांदे आणि तळहाताएवढे आले गॅसवर थेट जाळीवर ठेवून, सालं काळी होईपर्यंत भाजले आणि साल खरवडून पातेल्यात सोडले. भरतासाठी वांगे भाजताना घरभर जो वास पसरतो त्याच जातीचा पण गोडसर वास आला, आणि हनोईच्या त्या गल्लीची मला पहिल्यांदा खरी आठवण झाली. मग मसाले: दोन चक्रीफुले, दोन इंच जाड सालीची दालचिनी, तीन लवंगा, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा बडीशेप. आपल्या बाजारातले चक्रीफूल मुख्यतः चीन आणि व्हिएतनाममधूनच येते, तेव्हा या एका बाबतीत आपला आणि हनोईचा डबा एकच आहे. सगळे कोरडे भाजून पुरचुंडीत बांधले आणि शेवटच्या पाऊण तासातच पातेल्यात ठेवले. चक्रीफुलाचा सुगंध बडीशेपेतल्याच अ‍ॅनेथोल या द्रव्याचा असतो, आणि ते फार वेळ उकळले तर रश्शाला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. मागे एका हॉटेलात मला तसाच वास आला होता, त्याचे कारण आज कळले.

गोडीसाठी खडीसाखर, आणि व्हिएतनाममध्येही तीच वापरतात. खारटपणासाठी थोडे मीठ आणि उतरवताना फिश सॉस. लहान मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून त्यांचे सुटलेले पाणी म्हणजे हा सॉस, आणि ते मासे आपल्या मांदेलीच्या कुळातले असतात. बाटली उघडल्यावर आत्यांनी नाकाला पदर लावला, पण रश्शात दोन चमचे पडल्यावर तो वास गेला आणि चव खोल झाली, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

एकूण साडेतीन तास लागले. रस्सा निवळ आला, ओठ चिकटले, पण मसाला थोडा कमी पडला आणि कोंबडी जास्त शिजली. पुढच्या वेळी ती पाऊण तासात बाहेर काढून, गार करून, हाडे तेवढी परत पातेल्यात टाकायला हवीत. रात्री उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला होता, तो सकाळी खरवसासारखा थरथरत होता. आत्या म्हणाल्या, “आता तुला दुसऱ्याला नावं ठेवायचा अधिकार आला.” माझ्या रश्शाला मी अडतीस गुण दिले.

शनिवार, २९ नोव्हेंबर : ठिकाण ४, नेरुळ

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, सहा टेबलांचे हॉटेल. दुपारी साडेबाराला पोचलो. वाडगा आला, पहिला चमचा घेतला आणि मी आत्यांकडे पाहिले. त्यांनी काही न बोलता दुसरा चमचा घेतला, मग तिसरा, आणि म्हणाल्या, “अळणी बरोबर आहे.”

रश्शाला साठपैकी एकावन्न. कोंबडीची गोडी आधी येते, त्यामागून भाजलेल्या आल्याची ऊब, आणि चक्रीफूल अगदी शेवटी, घशाजवळ. ओठ चिकटतात. वर चरबीचे बारीक सोनेरी ठिपके तरंगत होते, आणि ते तसेच असावे लागतात. सगळी चरबी काढून टाकली तर सुगंध धरून ठेवायला काही उरत नाही.

शेवयांनी मात्र निराशा केली. त्या बराच वेळ आधी उकडून ठेवलेल्या होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या आणि चमच्याने तुटत होत्या. इथे शेवयांविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण बऱ्याच स्वयंपाकघरांत त्यांची जात ओळखण्यातच चूक होते. कोकणातले शिरवाळे साच्यातून दाबून काढतात; व्हिएतनाममधला ‘बुन’ हा गोल शेवयांचा प्रकार त्यांचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे. फऽच्या शेवया तशा नसतात. त्यांची रीत आपल्या सालपापड्यांची आहे. तांदूळ भिजवून वाटायचे, पातळ पीठ कापडावर पसरायचे, वाफेवर शिजवून साल सोडवायची, आणि मग ती कापून पट्ट्या करायच्या. हनोईत त्या ताज्या मिळतात, इथे सुक्या. सुक्या पट्ट्या साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून, वाढायच्या क्षणी जाळीच्या चमच्यातून दहा-पंधरा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवल्या की पुरे. उरलेले शिजणे गरम रश्शात होते. पास्त्यासारखे आधी पूर्ण उकडून ठेवले की जे होते ते आज झाले.

शेवयांना सात, बाकीच्याला पंधरा. एकूण त्र्याहत्तर.

रविवार, ३० नोव्हेंबर

ठिकाण ४ कडून घरी मागवता येते का, ते पाहिले. नेरुळहून ठाण्याला येत नाही. एका दृष्टीने बरे झाले. हा रस्सा वाफाळताच लागतो.

गुरुवार, ४ डिसेंबर : ठिकाण ५, वाशी

आज दत्तजयंती, शिवाय मार्गशीर्षातला गुरुवार, आणि आत्या हे गुरुवार पाळतात. म्हणून शाकाहारी फऽ आजच घ्यायचा ठरवला, आणि वाशीत राहणारी माझी शाकाहारी मैत्रीणही सोबत आली. हा योग मला फार आवडला, कारण व्हिएतनाममध्येही अनेक बौद्ध घरांत महिन्यातून दोन दिवस, चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला, शाकाहार पाळतात, आणि आज पौर्णिमा आहे. त्या दिवशी हनोईतही घरोघर आणि शाकाहारी हॉटेलांत ‘चय’ पदार्थ होतात. ‘आमच्याकडे हा पदार्थ शाकाहारी करून मागणे म्हणजे त्याचा अपमान’, असे मत मी काही खवय्यांकडून ऐकले आहे. ज्या देशाचा पदार्थ आहे त्याच देशात त्याची शाकाहारी परंपरा आहे, तेव्हा ते मत टिकत नाही. शेजारच्या टेबलावरून कांदा-लसूण न घालता मागणी झाली, तीही तिथल्या भिक्षूंना परकी वाटली नसती. त्यांच्या शाकाहारातही कांदा-लसूण वर्ज्य असतो. फक्त आले त्यांना चालते, आणि तेही काढले तर रश्शाचा कणा जातो, हे मात्र खरे.

रस्सा उत्तम होता. मुळा, गाजर, मक्याची कणसे आणि सुके शिताके मशरूम यांचा, फिश सॉसऐवजी हलक्या सोया सॉसचा. मुळ्याने गोडी येते हे आत्यांना पटले नाही, म्हणून त्यांनी आचाऱ्याला बाहेर बोलावून विचारले, आणि त्याने पातेल्यातला शिजून काचेसारखा झालेला मुळ्याचा तुकडा आणून दाखवला. जिलेटिन नसल्यामुळे ओठ चिकटत नाहीत, तेव्हा इथे ते मोजमाप लावणे अन्यायाचे होईल. रश्शाला सेहेचाळीस, शेवयांना सतरा, बाकीच्याला पंधरा. एकूण अठ्ठ्याहत्तर, म्हणजे आजवरचे सर्वांत जास्त.

बुधवार, १० डिसेंबर : ठिकाण ४, पुन्हा

ऑफिसातून सुटल्यावर एकटीच गेले. रात्रीचे साडेआठ. तेच टेबल, तोच वाडगा, आणि रस्सा पूर्ण वेगळा: पातळ, मीठ पुढे आलेले, चक्रीफुलाचा कडवटपणा. पहिल्या वेळेला मीच उत्साहाच्या भरात जास्त गुण दिले होते की काय, अशी शंका आली. रश्शाला एकोणतीस दिले आणि बाहेर पडता पडता धीर करून आचाऱ्यांना भेटले. ते दार्जिलिंगचे आहेत, लहानपणापासून थुक्पा, म्हणजे शेवयांचे तिबेटी सूप, करत आले आहेत, आणि रश्शाबद्दल कोणी विचारतो याचे त्यांना बरे वाटले.

त्यांनी जे सांगितले त्याने या प्रकल्पाची दिशा बदलली. त्यांच्या हॉटेलात हाडांचा रस्सा आठवड्यातून एकदाच चढतो, शुक्रवारी रात्री. शनिवार-रविवारच्या बोनलेस पदार्थांसाठी शुक्रवारी कोंबड्या सोलून येतात, तेव्हाच हाडे आणि पंजे एकत्र मिळतात. शिवाय चार बर्नरांपैकी एक चार-पाच तास अडवून ठेवणे त्यांना हॉटेल बंद झाल्यावरच परवडते. शनिवारी दुपारी तो रस्सा ताजा असतो, रविवारपर्यंत चांगला असतो, आणि उरलेला गोठवून पुढच्या दिवसांत पाणी व मसाला घालून वाढवत नेतात. बुधवारी रात्री माझ्या वाडग्यात आले ते त्याचे शेवटचे टोक होते. त्यांनी हे काही लपवले नाही, आणि त्यांना दोष द्यावा असेही मला वाटत नाही. चाळीस पदार्थांच्या मेनूकार्डात फऽ हा दिवसाला पाच-सहा वाडगे जाणारा पदार्थ आहे.

परतीच्या गाडीत मी हनोईच्या दुकानाचा विचार करत होते. तिथे दुसरा पदार्थच नव्हता. रात्री पातेले चढायचे, पहाटे दुकान उघडायचे आणि रस्सा संपला की बंद व्हायचे. आपल्याकडे हे मिसळीच्या दुकानांत दिसते. ठाण्यात तहसील कचेरीजवळच्या मिसळीला लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात, कारण तिथल्या कटाच्या पातेल्याला दुसरे काम नसते. सहा आठवडे मी ‘चांगला फऽ कुठे मिळतो’ असे विचारत होते. ‘केव्हा मिळतो’ असे एकाही हॉटेलात विचारले नव्हते.

गुरुवार, ११ डिसेंबर

जुन्या नोंदी या दृष्टीने पुन्हा तपासल्या, कारण माझ्याकडून कोणावर अन्याय झाला असण्याची शक्यता होती. ठिकाण ३ ला शनिवारी रात्री गेलो होतो. तिथे फोन करून रस्सा केव्हा चढतो हे विचारले. फोन घेणाऱ्या मुलाने आत जाऊन विचारले आणि प्रामाणिकपणे सांगितले की रस्सा रोज होतो, पण तयार भुकटीचा. म्हणजे तिथला निकाल कायम. ठिकाण ५ चा शाकाहारी रस्सा दीड तासात होतो, हाडांची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे तो रोज सकाळी ताजा चढतो. तिथे कोणत्याही दिवशी जावे. ठिकाण १ आणि २ मध्ये वाराने फरक पडण्यासारखे काही नाही.

शनिवार, १३ डिसेंबर : ठिकाण ४, तिसऱ्यांदा

काल १२ डिसेंबर होता. व्हिएतनाममध्ये २०१७ पासून हा ‘फऽ दिवस’ म्हणून साजरा करतात. काल संध्याकाळी आचाऱ्यांना फोन करून हे सांगितले, हाडे आली का ते विचारले, आणि शेवयांबद्दल एक विनंती केली: आमच्या दोन वाडग्यांपुरत्या तरी शेवया भिजवून ठेवाव्यात आणि आम्ही बसल्यावरच पाण्यात बुडवाव्यात. त्यांनी थुक्प्याच्या शेवया आपण तशाच करतो हे आठवून होकार दिला.

आज सव्वाबाराला पोचलो. वाडगा आला तेव्हा आचारी स्वतः बाहेर येऊन उभे राहिले. रस्सा २९ तारखेच्या रश्शाइतकाच निवळ होता आणि आले त्याहून पुढे होते. शेवया वर उचलल्या तर एकेक सुटी, मऊ, तरी दातांखाली किंचित अडणारी. रश्शाचा थर त्यांच्या चपट्या अंगाला धरून वर येत होता, आणि चपट्या शेवया का वापरतात याचे उत्तर तेव्हा मिळाले. मी लिंबाची अर्धी फोड तेवढी पिळली. आत्यांनी तीही पिळली नाही. मांस आणि शेवया संपल्यावर त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलून उरलेला रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्याला, पदराने ओठ टिपले आणि ते चिकटत असल्याचे मला बोटाने दाखवले.

रश्शाला चौपन्न, शेवयांना अठरा, बाकीच्याला पंधरा. एकूण सत्त्याऐंशी. जे तेरा गुण गेले त्यांतले पाच पानांचे आहेत: लांब, दातेरी पानांची, कोथिंबिरीसारख्या वासाची वनस्पती इथे मिळत नाही, आणि जांभळी नाक्याची कोथिंबीर तिची जागा घेऊ शकत नाही. आत्या म्हणाल्या की कोपरीच्या खिडकीतल्या कुंडीत त्या ती लावून पाहतील, बी मिळाले तर.

निघताना आचाऱ्यांनी विचारले की पुढच्या शुक्रवारी पातेले थोडे मोठे चढवू का, चार माणसे येतील का. वाशीच्या मैत्रिणीच्या घरचे तिघे कोंबडी खातात. शनिवार, २० डिसेंबर, दुपारी सव्वाबारा, पाच वाडगे, असे सांगून ठेवले आहे.